झेंड्यासाठी उठलेला माणूस

लूमिर ब्लाझेकला आमच्या लिप्का गावात कुणी चक्रम म्हणायचं, कुणी कम्युनिस्ट. मी त्याला हट्टी म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "मी हट्टी आहे म्हणून तुमच्या घरात वीज आहे," असं म्हणून तो माझ्या स्वयंपाकघरातली कॉफी स्वतःच ओतून घ्यायचा.

ते खोटंही नव्हतं. उभा जन्म तो विजेच्या सहकारी संस्थेत लाइनमन होता. नेब्रास्कात हिवाळी वादळ आलं की तारांवर बर्फ चढतो आणि त्या तुटतात. आम्ही सगळे घरात गोधड्या पांघरून बसलेलो असताना लूमिर खांबावर चढलेला असायचा. त्यांच्या शेतावर पहिला दिवा लागला तो डेमोक्रॅटांच्या सरकारने लावला, खासगी कंपन्यांना चार शेतकऱ्यांसाठी एवढ्या लांब तार ओढणं परवडत नव्हतं, ही गोष्ट त्याच्या बापाने त्याला लहानपणापासून ऐकवली होती. त्या एका दिव्यावर हा माणूस जन्मभर डेमोक्रॅट राहिला. आमच्या भागात डेमोक्रॅट असणं म्हणजे गुरांच्या बाजारात शाकाहारी असण्यासारखं आहे. लोक हसून बोलतात, पण ताट वेगळं मांडतात.

मी स्वतः रिपब्लिकन. माझा बाप होता, नवरा होता, म्हणून मीही. मी गावातल्या वृद्धनिवासात स्वयंपाक करायचे. आम्ही त्याला नुसतं 'होम' म्हणायचो. लूमिरची बायको अर्डिथ शेवटची काही वर्षं तिथेच होती. तिची आठवण गेली होती. आधी नावं गेली, मग वार, मग माणसं. लूमिर तिला चेहऱ्याने ओळखीचा वाटायचा, पण तो कोण हे तिला सांगता यायचं नाही. तरी ती जेवायची फक्त त्याच्याच हातून. तो रोज दुपारी यायचा, टोपी काढून खिडकीत ठेवायचा आणि तिला घास घास भरवायचा. मी बटाट्याचं सूप केलं की "जोलीन, मीठ कमी आहे" हे वाक्य ठरलेलं. मीठ कमी नसायचं. त्याला काहीतरी बोलल्याशिवाय घास उचलता यायचा नाही, एवढंच.

बोलणं हाच त्याचा रोग होता. आणि ते सगळं बोलणं जाऊन पडायचं कार्मोडीच्या अंगावर.

कार्मोडी आमचा खासदार. गोरागोमटा, दात पांढरेशुभ्र, शर्टाच्या बाह्या नेहमी दुमडलेल्या, जणू आत्ताच नांगर ठेवून आला. अकरा वर्षं निवडून येत होता. शेवटच्या दोन वर्षांत तर त्याने लोकांसमोर बसणंच बंद केलं होतं. सभा घेतली की लोक ओरडतात आणि त्या ओरडण्याचा व्हिडिओ देशभर फिरतो, म्हणून त्याच्या पक्षातल्या थोरांनीच नको म्हणून सांगितलं, असं कानावर होतं. तेव्हापासून लूमिर दर शुक्रवारी पोस्टासमोर एक रिकामी खुर्ची मांडायचा. तिच्यावर पाटी असायची, 'खासदारांसाठी राखीव'. खुर्चीच्या बाजूला लूमिर, एक निवृत्त शाळामास्तरीण, आणखी एखाददुसरं कुणी आणि मास्तरीणबाईंचं कुत्रं. खुर्चीला प्रश्न विचारायचे, उत्तराची वाट बघायची आणि घरी जायचं.

धान्याच्या कोठारावरचा स्टॅन ट्रक थांबवून विचारायचा, "काय लूमिर, खुर्ची काय म्हणते आज?"

"तुझ्या खासदारापेक्षा जास्त बोलते. आणि तिला चार पाय आहेत, त्याला कणाही नाही."

"तू मेलास की त्याच खुर्चीला बांधून पुरू तुला."

"चालेल. पण ती पाटी काढू नका, माझ्या थडग्यावर तरी येईल बेटा."

असं चालायचं. लूमिरकडे कार्मोडीसाठी शब्दांचा तोटा नव्हता. "सरकार म्हणजे चोर, असं हा म्हणतो. मग अकरा वर्षं चोराचाच पगार कसा खातो? बायबल हातात धरून फोटो काढतो, आतली पानं अजून चिकटलेली असतील. आणि हे आमचे शेतकरी. फुकटे, ऐतखाऊ म्हणून गरिबाला नावं ठेवायची आणि मक्याचा भाव पडला की सरकारी मदतीसाठी पहिले हे." यातलं शेवटचं वाक्य तो मक्याच्या शेतकऱ्यांच्याच टेबलावर बसून बोलायचा. बरोबर बोलायचा की चूक ते जाऊ द्या. पण समोरच्याच्या ताटात थुंकून त्याला पटवता येत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

याच तोंडापायी त्याने मुलगा घालवला. रँडी हा त्यांचा एकुलता एक. तो ओमाहाला असतो, शेतीला पाणी देणारी मोठाली यंत्रं विकतो. त्याने आपल्या अंगणात कार्मोडीच्या नावाचा फलक लावला होता. थँक्सगिव्हिंगला सगळे जेवायला जमले आणि टर्की कापता कापता लूमिरने तो विषय काढला. रँडी म्हणाला, "डॅड, आजच्या दिवस नको." लूमिर म्हणाला, "आजच. नाहीतर तू भेटतोस कधी?" मग शब्दाने शब्द वाढला. "तू आईला विकशील त्या माणसासाठी," इथपर्यंत लूमिर गेला. रँडीने बायकोपोरांना कोट घालायला लावले आणि तो निघून गेला. त्यानंतर तो आलाच नाही. अर्डिथची आठवण तेव्हा शाबूत होती. टर्कीवर कागद झाकताना ती नवऱ्याला म्हणाली, "हरवलंस त्याला. आता त्या जिंकण्याचं काय करायचं ते कर." हे मला तिनेच सांगितलं होतं, चर्चच्या स्वयंपाकघरात, कोलाचीच्या गोड पावांचं पीठ मळताना.

पुढे वॉशिंग्टनमध्ये एक खर्चकपातीचा कायदा झाला. म्हातारपणी जवळचे पैसे संपले की माणसाचा होममधला खर्च सरकार मेडिकेडमधून उचलतं. आमच्या होममधली बहुतेक सगळी त्यावरच होती, अर्डिथसुद्धा. त्याला कात्री लागणार होती. कार्मोडीने कायद्याच्या बाजूने हात वर केला होता आणि यात कुणाही गरजू माणसाचं काही जाणार नाही, असं रेडिओवर सांगितलं होतं. आमच्या होमच्या मंडळाने मात्र हिशेब मांडला आणि वर्षअखेरीस दार बंद करावं लागेल असं बोलायला सुरुवात केली.

लूमिरच्या पायाखालची जमीन सरकली. लिप्कातलं होम बंद झालं की पुढचं होम गाडीने दोन तासांवर. त्याचे डोळे अधू झालेले. त्याच्या परवान्यावर फक्त गावातल्या गावात, उजेडात गाडी चालवायची मुभा होती. अर्डिथ गेली की रोजचं भरवणं संपलं. आणि तो भरवत नाही म्हटल्यावर ती जेवणार नाही, हे मलाही ठाऊक होतं.

तो खुर्चीपाशी उभा राहून ओरडला. पहिल्यांदाच त्याच्या ओरडण्यात चेष्टा नव्हती. पण गावाला फरक कळला नाही. ज्यांच्या स्वतःच्या आया होममध्ये होत्या तेसुद्धा म्हणाले, "लूमिरचं नेहमीचंच. डेमोक्रॅटांनी पसरवलेली भीती आहे ती." पालथ्या घड्यावर पाणी. मला राग यायचा तो गावाचा आणि त्याचाही. अकरा वर्षं तो आग लागली, आग लागली म्हणत होता. खरी लागली तेव्हा कुणी खिडकीसुद्धा उघडली नाही.

जूनच्या अखेरीला होमची व्यवस्थापक शेरिल माझ्या स्वयंपाकघरात आली. लूमिर भांड्यातलं उरलेलं सूप पीत होता.

"लूमिर, तुमच्याशी एक बोलायचंय. चिडायचं नाही."

"असं म्हटलं की मी आधीच चिडतो. बोल."

"चार जुलैच्या परेडला कार्मोडी येतायत. त्यांच्या ऑफिसशी बोलणं झालंय. आपली मंडळी जिथे बसतील तिथे ते गाडीतून उतरून भेटणार आहेत. एक मिनिट. तुम्ही अर्डिथजवळ उभे राहा. जे विचारायचं ते नीट विचारा. ग्रामीण होमसाठी वेगळा निधी आहे, त्यांनी एक शब्द टाकला तर आपलं नाव त्यात बसू शकतं."

"आणि?"

"आणि खुर्ची नको. पाटी नको. तुमची ती भाषा नको. नाहीतर गाडी थांबणारच नाही."

लूमिरने वाडगा खाली ठेवला. मी म्हटलं, "अरे, एक दिवस गप्प बसलास तर जीभ गळून पडणार नाही."

"विचारा म्हणालीस ना?" त्याने शेरिलला विचारलं. "एक प्रश्न?"

"एक. सभ्यपणे."

"मग आयुष्यात एकदा सभ्यपणा करतो."

आमच्याकडे स्वातंत्र्यदिनाच्या परेडच्या आदल्या संध्याकाळीच लोक मुख्य रस्त्याच्या कडेने आपापल्या घडीच्या खुर्च्या मांडून जातात. रात्रभर त्या तशाच असतात. दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. लूमिरने बँकेसमोरची सावलीची जागा धरली. सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. अर्डिथच्या चाकाच्या खुर्चीला त्याने निळा रुमाल बांधला, तिचे केस स्वतः विंचरले. मी मागेच पाण्याची बरणी घेऊन उभी होते. तो ओठातल्या ओठात घोकत होता, "मिस्टर कार्मोडी, आमचं होम उघडं राहील का? राहणार नसेल तर माझ्या बायकोला कोण भरवणार?" परीक्षेला निघालेल्या पोरासारखा घोकत होता बिचारा. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

परेडच्या तोंडाशी माजी सैनिक झेंडा घेऊन येतात. सगळे उठले, टोप्या छातीशी आल्या, झेंडा पुढे गेला, सगळे बसले. बहुतेक जण तेवढंच करतात. पुढे परेडमध्ये आणखी दहा झेंडे येतात, ट्रॅक्टरवर, सायकलवर, कोण उठतं? लूमिर उठतो. तरुणपणी तो सैन्यात होता आणि त्याचा भाऊ लढाईवरून शवपेटीत आला होता, याच झेंड्यात गुंडाळून. झेंडा समोर आहे तोवर तो बसत नाही, हलत नाही आणि बोलत नाही. हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

अग्निशामक गेले, शाळेचा बँड गेला, आणि मग कार्मोडीची जुनी लाल उघडी गाडी आली. तो दोन्ही हातांनी मुलांकडे टॉफ्या उधळत होता. ठरल्याप्रमाणे गाडी थांबली. तो उडी मारून उतरला आणि थेट अर्डिथपाशी आला. बरोबर कॅमेरावाली एक मुलगी.

अर्डिथने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"रँडी," ती म्हणाली. "आलास रे."

कार्मोडी क्षणभरही अडखळला नाही. त्यांना सवय असते. तो गुडघ्यावर बसला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "आलो ना, मॉम. न येऊन कसं चालेल?"

लूमिरने घसा खाकरला. "मिस्टर कार्मोडी," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी सभ्य होता.

आणि त्याच क्षणी लाल गाडीच्या मागून घोडेस्वार मंडळ आलं. पुढच्या घोड्यावरच्या मुलीच्या हातात भलामोठा झेंडा. लूमिरचं तोंड उघडलेलं होतं. ते मिटलं. टोपी उतरली, छातीशी गेली, मान ताठ झाली. मी मागून कुजबुजले, "विचार, लूमिर. अरे विचार ना." शेरिलने त्याच्या पाठीला बोट टोचलं. घोडे थांबलेल्या गाडीमुळे तिथेच खोळंबले होते, झेंडा समोरच फडफडत होता, आणि लूमिर पुतळा होऊन उभा होता. कॅमेरा चालूच होता. कार्मोडीने अर्डिथच्या हातावर थोपटलं, लूमिरकडे बघून मान लववली, सैनिकाला म्हणतात तसं "तुमच्या सेवेबद्दल आभारी आहे" म्हणाला आणि गाडीत चढला. गाडी हलली, मग घोडे हलले, मग झेंडा गेला. लूमिरने टोपी घातली तेव्हा रस्त्यात टॉफ्यांचे कागद उरले होते.

"झेंडा होता ना," तो मला म्हणाला.

ऑक्टोबरात घराघरांत टपालाने पत्रक आलं. चकचकीत कागद. कार्मोडी गुडघ्यावर, अर्डिथ त्याच्याकडे बघून हसतेय, आणि शेजारी लूमिर ब्लाझेक, टोपी छातीशी धरून, मान ताठ, डोळे ओले. चित्रात झेंडा नव्हता. तो कॅमेऱ्याच्या मागे होता. वर छापलं होतं, 'आमच्या वडीलधाऱ्यांचा भरवशाचा माणूस'.

स्टॅनला तर घबाड सापडलं. "काय लूमिर, पाटी बदलायची का आता? आमच्या पक्षात सदस्यत्व फुकट आहे." सगळे हसले. वाईट मनाने हसले नाहीत, तरी हसले. त्या शुक्रवारी लूमिरने खुर्ची मांडली नाही. पुढच्याही नाही. कुणाकुणाला सांगत फिरणार, की बाबांनो, मी झेंड्यासाठी उठलो होतो?

तो पत्रक घेऊन होममध्ये आला, शेरिलच्या टेबलावर आपटायला. वाटेत अर्डिथची खोली. तिने त्याच्या हातातला कागद पाहिला आणि ओढून घेतला. "रँडी," ती म्हणाली आणि कागदावरून बोट फिरवत राहिली. लूमिर तिथेच थांबला.

त्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात त्याचा फोन वाजला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो. मी ऐकलं त्याला इलाज नव्हता.

"डॅड, मी रँडी. ते पत्रक कुणीतरी मला दाखवलं. मला बरं वाटलं. तुम्हाला असं उभं राहिलेलं बघून. तुमच्याकडून मला अपेक्षा नव्हती."

मी हाताने खुणा करत होते, सांग त्याला, खरं काय ते सांग. लूमिरच्या तोंडात अकरा वर्षांचा दारूगोळा होता.

"तुझी आई आठवण काढते," तो म्हणाला. "येऊन जा."

"कामाचा हंगाम संपला की येतो."

नोव्हेंबरात कार्मोडी दणदणीत निवडून आला. आमच्या परगण्यात तर सगळ्यात जास्त मतांनी. ग्रामीण निधीच्या यादीत लिप्का नव्हतं. वर्ष संपायच्या आत होमचं दार बंद झालं. लोक हळहळले, आणि वॉशिंग्टनमधल्या डेमोक्रॅटांनी काहीतरी अडवलं असणार असं ठरवून मोकळे झाले. अर्डिथला गाडीत बसवताना तिने पत्रक छातीशी धरलं होतं. नव्या ठिकाणी ते तिच्या पलंगासमोर भिंतीवर चिकटवलं गेलं.

मी बेकारच होते, म्हणून दर रविवारी लूमिरला गाडीतून तिकडे नेऊ लागले. बाकीच्या सहा दिवसांत ती जेवायची नाही. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मग तिथल्या एका सेविकेने युक्ती काढली. भिंतीकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "रँडी बघतोय हं." की अर्डिथ तोंड उघडायची. लूमिरही तसंच करायला शिकला. रविवारी तिच्या शेजारी बसून, चमचा हातात धरून, ज्या माणसाला अकरा वर्षं शिव्या घातल्या त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "बघ, बघतोय तो. घे." मी बाहेर जाऊन उभी राहायचे. मला ते बघवायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी खराखुरा रँडी आला. कानशिलं पांढरी झाली होती. हातात फुलं होती. बापाशी हात मिळवला, मला मान लववली आणि आईपुढे वाकला.

"मॉम, मी आलोय."

अर्डिथने त्याच्याकडे सभ्यपणे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं. "बसा ना," ती म्हणाली. "तुम्ही डॉक्टर का?"

"मॉम, मी रँडी."

"नाही हो." ती हसली आणि भिंतीकडे बोट केलं. "रँडी तो. परेडला आला होता. माझे हात धरले त्याने. माझा मुलगा फार चांगला आहे."

रँडीने भिंतीकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याला वाटलं असावं की म्हातारा आता बोलेल. बोलायला इतकं होतं. 'तू आईला विकशील' हे वाक्य त्या खोलीत आम्हा तिघांनाही आठवलं असणार. लूमिर नुसता चमचा धरून बसला होता.

रँडी उठला आणि त्याने ते पत्रक भिंतीवरून खेचून काढलं. एक कोपरा भिंतीलाच राहिला.

अर्डिथच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी सांगू शकत नाही. लहान मूल गर्दीत आईचा हात सुटल्यावर रडतं तसं ती रडू लागली. लूमिरच्या चमच्यातला घास गादीवर सांडला.

"लाव ते परत," लूमिर म्हणाला.

"डॅड, हा माणूस..."

"मला माहीत आहे तो कोण आहे. लाव. ती अजून जेवली नाही."

रँडीने माझ्याकडे चिकटपट्टी मागितली, दातांनी तुकडे तोडले आणि कार्मोडीचा फोटो आईला नीट दिसेल असा, थोडा खाली, भिंतीवर लावला. बाजूला होऊन तो खिडकीपाशी उभा राहिला. अर्डिथने डोळे पुसून घेतले आणि तोंड उघडलं.

"बघ," लूमिर म्हणाला, "रँडी बघतोय." आणि त्याने घास पुढे केला.